काकांचा जुना नंबर

जर्मनीतल्या ब्योब्लिंगेनमधल्या आम्हा मराठी कुटुंबांची फोन-इंटरनेटची बिलं खालच्या मजल्यावरचे काका कमी करून देतात. करार संपवायचं पत्र तेच लिहितात. मग "या, गेनाऊ" (हो, बरोबर) करत कॉल सेंटरच्या बाईला आमची अवघड आडनावं सावकाश सांगतात. न चिडता, तीन-तीनदा.

त्यांचं स्वतःचं बिल मात्र आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त. परवा न राहवून विचारलं, "काका, तुम्ही का नाही कंपनी बदलत?"

"बदलताना लँडलाइन एक दिवस जरी बंद राहिली तर? सांगलीला आईला आता हा एकच नंबर आठवतो."

तेवढ्यात तोच फोन वाजला. काका उठून उभे राहिले.

"आई, मी बोलतोय," म्हणाले. मग स्वतःचं नाव सावकाश सांगितलं. न चिडता, तीनदा.