पहिले काम घरात ठेवायचे नसते

आलासीबाई पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत, आणि या गौरवग्रंथात प्रत्येक शिष्याने आपापल्या मातृभाषेत लिहावे असा त्यांचाच हट्ट आहे. "मला वाचता नाही आलं तरी चालेल. आईच्या भाषेत खोटी स्तुती करणं जड जातं," असे त्यांनी कळवले. तेव्हा मराठीची बाजू माझ्याकडे आली.

त्यांना मी पहिल्यांदा पाहिले ते कतारमध्ये, दोहाजवळच्या लुसैलमध्ये. वर्ल्ड कपची तयारी ऐन भरात होती. काल गेलेला रस्ता आज सापडत नसे. एका नव्या बागेसाठी देशोदेशीचे शिल्पकार बोलावले होते. बर्फाच्या मुलखातल्या, इनुइट समाजाच्या आलासीबाई पत्र्याच्या शेडखाली पंख्यासमोर बसून एका हिरवट दगडाला नुसत्या कुरवाळत होत्या. मी इथल्या भारतीय शाळेत चित्रकला शिकवते. त्यांच्या ठसेचित्रांच्या कार्यशाळेत नाव नोंदवले होते. विचारले, "मॅडम, काम कधी सुरू करणार?" म्हणाल्या, "सुरू आहे की. आत कोण आहे ते विचारतेय."

आतून बर्फाळ समुद्रातला सील प्राणी निघाला, तळ्यात डुंबणाऱ्या म्हशीइतका निवांत. पाहायला आलेल्या साहेबांनी विचारले, "यात फुटबॉल कुठे आहे?"

"या दगडात नव्हता," बाई म्हणाल्या. साहेबांना हसू आले आणि सील तसाच राहिला. आवाज न चढवता आपल्या कामाशी इमान राखणे मी बाईंकडून शिकले.

आम्हाला त्यांनी दगडावर चित्र कोरायला, शाई लावून वर पातळ कागद ठेवायला आणि तो हाताने घासून ठसा घ्यायला शिकवले. लग्नानंतर शाळेतल्या मुलांच्या चित्रांखाली 'छान' लिहिण्यापलीकडे माझ्या हातून काही झाले नव्हते. मी पाट्यावर वाटण वाटणारी बाई कोरली. ठसा इतका स्वच्छ उठला की शेडमध्ये टाळ्या पडल्या. दुसऱ्या प्रतीसाठी दगड पुसायला उचलला, तो घामेजल्या हातातून निसटला आणि दुभंगला. उरली ती एकच प्रत. प्रदर्शनासाठी तिचीच निवड झाली. भिंतीवर माझे नाव लागणार होते, आणि ते मला फार हवे होते.

तेवढ्यात बाईंनी विचारले, "तू जन्मलीस तेव्हा तुला पहिल्यांदा कपड्यात कुणी गुंडाळलं?"

"आत्यानं, नाशिकला. का?"

"मग हे तिचं. आमच्यात पहिली शिकार, हातचं पहिलं काम त्या बाईला देतात. घरात ठेवलं तर हात आखडतो."

हीच ती आत्या, "चित्रं काढून कुणाचं पोट भरलंय?" म्हणणारी! मी रडकुंडीला आले. बाईंनी आग्रह केला नाही; फक्त पुठ्ठ्याची एक नळी आणून माझ्यापुढे ठेवली. सुट्टीत ती नळी मी नाशिकला नेली आणि प्रदर्शनातली माझी जागा रिकामी राहिली. आत्याने चित्र बराच वेळ पाहिले. "माझी आई अशीच बसायची गं, एक पाय मुडपून," म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला. आता येणाऱ्याजाणाऱ्याला ती ते कौतुकाने दाखवते. माझा हात मात्र तेव्हापासून थांबलेला नाही.

पुढच्या हिवाळ्यात बाई पुन्हा दोहात आल्या, तेव्हा माझे दिवस भरले होते. आईचा व्हिसा अडकला होता, आणि यजमान रास लफानच्या गॅस प्रकल्पात शिफ्टवर. दवाखान्यात माझ्याजवळ बाईच थांबल्या. लेकीला पहिले झबले त्यांनी घातले आणि इथे उचललेल्या अरबी 'चला'सकट जाहीर केले, "यल्ला! आता हिचं पहिलं सगळं माझं."

हे ऋण फिटण्यातले नाही, आणि मला ते फेडायचेही नाही.

लेकीला मराठी सगळे समजते, उत्तर मात्र इंग्रजीत येते. परवा तिने आयुष्यातला पहिला ठसा काढला, एका कानाची मांजर. मी हरखून भिंतीवर जागा शोधू लागले.

"नो, आई. धिस इज नॉट अवर्स," ती म्हणाली आणि स्वतःच पुठ्ठ्याची नळी घेऊन आली.

बाई, ती मांजर या लेखाबरोबरच आपल्याकडे निघाली आहे. आपणांस उदंड, निरोगी आयुष्य लाभो. या पोरीची अजून पुष्कळ पहिली कामे व्हायची आहेत, आणि ती हातात घ्यायला आपण हव्या आहात.