गळ्यातली माळ

नाशिकमध्ये सीटी स्कॅनचं अप्रूप होतं तेव्हाची गोष्ट. माझं पोट सारखं दुखायचं, म्हणून मीही सेंटरात नंबर लावून बसलो होतो. समोर सफारीतले एक गृहस्थ होते. डोळे हळदीसारखे पिवळे आणि जिभेवर अखंड विज्ञान. शेजारी चांदवडची एक बाई काविळीने पिवळ्या पडलेल्या नवऱ्याला घेऊन आली होती. त्याच्या गळ्यात मुळ्यांच्या तुकड्यांची माळ होती. ती जसजशी वाढत खाली येते तसतशी कावीळ उतरते म्हणे.

"अहो बाई, पित्ताच्या नळीत खडा अडकला असेल तर माळ काय करणार?" गृहस्थ गरजले. "एकविसावं शतक आलं!"

बाईने नवऱ्याच्या गळ्यातली माळ सारखी केली.

तेवढ्यात टेक्निशियनने गृहस्थांना हाक मारली. "गळ्यातलं सगळं काढून ठेवा."

गृहस्थांनी सफारीची बटणं सोडली आणि बेंबीपर्यंत पोचलेली माळ बाहेर काढली. सोबत कोणी नव्हतं, म्हणून ती त्या बाईच्याच हातात द्यावी लागली.

"द्या की भाऊ," ती म्हणाली. "आमच्यापेक्षा तुमची लय वाढली हाय."

तासाभराने डॉक्टरांनी सांगितलं, नळीत खडा आहे, दुर्बिणीने काढावा लागेल. गृहस्थांनी मान डोलावली, फिल्मचं पाकीट काखेत मारलं आणि माळ पुन्हा गळ्यात घातली.

"मशीनने खडा नुसता दाखवला," ते मला म्हणाले, "काढला कुठे?"

मी मनातल्या मनात खूप हसलो. माझ्या स्कॅनमध्ये काहीच निघालं नाही. तरी निघताना त्या बाईकडून माळवाल्याचा पत्ता तेवढा लिहून घेतला.