तळ्याच्या तळाची माती

परवा गणपतीसाठी शाडूची माती भिजवली आणि त्या वासासरशी मला सासरचं तळं आठवलं. साताऱ्याच्या वरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, जांभ्या दगडाच्या खोलगट भागात ते साचलेलं. वाडीच्या म्हशी पावसाळ्यापर्यंत त्यावरच दिवस काढायच्या. उन्हाळ्यात पाणी आटलं की उघड्या पडलेल्या काठाचा गाळ हाताने काढून शेतात टाकायची रीत. एका वर्षी मात्र धाकट्या दिरांनी जेसीबी सांगितला होता. गाळाखालची पिवळी चिकणमातीही उचलून तळं खोल करायचं होतं. "तिला हात लावू नगंस, पानी ऱ्हाणार न्हाई," म्हणून चुलत सासूबाई अडून बसल्या. "आवं काकी, खाली दगूड हाय. दगूड पानी पितोय व्हय?" दीर हसले. मला भांडणापेक्षा उत्तर हवं होतं. मी दोन खड्डे घ्यायला लावले, एक पिवळ्या मातीत, एक पहारीने जांभ्यात, आणि दोन्हींत एकेक घागर ओतली. मातीतलं पाणी आमची जेवणं होईपर्यंत तसंच राहिलं. जांभ्यातलं बघता बघता नाहीसं झालं. "वहिनी, गेलं कुटं ओ?" दीर खड्ड्यात वाकून बघत होते. ते शोधायला आम्ही कड्याखाली उतरलो. जांभा संपतो तिथे दगडाच्या बुडातून झरा पाझरत होता आणि खालच्या वाडीच्या म्हशी निवांत पीत होत्या. "आयला, म्हंजी त्यास्नीच तळं देऊन बसलो असतो की!" म्हणत दिरांनी जेसीबीवाल्याला येऊ नको म्हणून सांगायला फोन लावला. मी झऱ्याखाली ओंजळ धरली. ते पाणी सड्यावर कुठल्या पावसात पडलं असेल, हे मला अजूनही कुणी सांगू शकलेलं नाही.