थेल्माबाईंचा सराव

थेल्मा डेकरबाईंनी अमेरिकेतल्या कॅट्सकिलच्या डोंगरात बावीस वर्षं शाळेची बस चालवली, पण हॉर्न वाजवायची गरज त्यांना फारशी पडली नाही. आवाजच तसा! "ए, खाली बस!" म्हटलं की मागच्या बाकावरची पोरंच काय, रस्त्यातल्या गाईसुद्धा बसायच्या.

अशी ही खमकी बाई धाकट्या भावापुढे मात्र मुकी. ऑर्विलशी नऊ वर्षं अबोला होता. आता तो बुधवारी लेकीकडे, फ्लोरिडाला, कायमचा निघाला होता आणि बाईंच्या जिवाची नुसती घालमेल चालली होती.

त्याच उन्हाळ्यात, म्हणजे १९७२ साली, जुन्या बोर्डिंग हाउसात लांब केसांची मंडळी राहायला आली. खांद्यावर कॅमेरा, काखोटीला टेपचं यंत्र आणि परवाना-बिरवाना नसलेलं एक चिमुकलं प्रक्षेपणयंत्र. दर रविवारी पाचला यांचा टीव्ही सुरू! डोंगराआड दुसरं काही धड दिसायचंच नाही, म्हणून सगळी दरी हेच बघायची. चित्र पोचतंय का, हे फक्त लोकांच्या फोनवरून कळायचं. "दिसतंय!" "आज मुंग्या आल्यात!" "त्या दाढीवाल्याला आंघोळ घाला!"

त्या रविवारी थेल्माबाई बसचं नवं वेळापत्रक सांगायला आल्या. वीस मिनिटं झाली तरी फोन गप्पच.

"गेलं बोंबलत," कॅमेऱ्यामागची मार्गो म्हणाली. "कुणाला दिसत नाहीये. बोला तुम्ही, सराव समजा."

झालं! कुणी बघत नाही म्हटल्यावर बाईंनी वेळापत्रक फेकलं, बूट काढले, पोल्का नाचल्या, हेडमास्तरांची नक्कल केली. मार्गो हसून लोळायची बाकी होती. मग बाई धापा टाकत कॅमेऱ्याकडे वळल्या.

"ऑर्विल, नऊ वर्षांपूर्वी जत्रेतल्या गुरांच्या स्पर्धेत तुझी कालवड बाद झाली ना? तिचं वय जास्त आहे असं परीक्षकाला मीच सांगितलं. साफ खोटं! आई सदानकदा तुझंच कौतुक करायची, म्हणून जळले रे. चुकले मी."

मार्गो डोळे पुसत उठली, फोनकडे नजर गेली आणि किंचाळलीच. घंटीनं टेप बिघडू नये म्हणून तिनंच पाचला रिसीव्हर काढून ठेवला होता आणि पार विसरली होती! तो जागेवर ठेवताक्षणी फोन खणाणला. "दिसतंय! बाई, पोल्का परत!" बाईंनी उशीत तोंड खुपसलं.

तेवढ्यात दारात ट्रॅक्टर थांबला. ऑर्विल आत आला, गळ्याला जेवणाचा रुमाल तसाच.

"तू टीव्हीवर दिसल्यापासून फोन लावतोय," तो म्हणाला. "लागेचना. शेवटी निघालो. म्हटलं, तुझ्याशी न बोलता कसा जाऊ?"

म्हणजे तेव्हा हा वाटेत होता, कबुली यानं ऐकलीच नव्हती! "टेप आहे, लावू?" मार्गो पुटपुटली.

"टेप नको," बाई म्हणाल्या. त्यांनी भावाला शेजारी बसवलं. "ऑर्विल, ती कालवड..."

"ठाऊक आहे मला, परीक्षकानं तेव्हाच सांगितलं होतं," तो म्हणाला. "तुझ्या तोंडून ऐकायचं राहिलंय. बोल."

आणि सगळी दरी बघत असताना बाई पहिल्यापासून बोलल्या.