गेरूच्या चौकटीतली ओळ

नरडाण्याच्या आसपासची सात-आठ गावं माझ्याकडे होती. हिवतापाच्या खात्यात मी घरोघर फिरणारा कर्मचारी. दर पंधरवड्याला सायकलवरून जायचं, ताप आहे का विचारायचं, असला तर बोटाला सुई टोचून काचेवर रक्त घ्यायचं आणि क्लोरोक्विनच्या चार गोळ्या द्यायच्या. प्रत्येक दाराशेजारी भिंतीवर आमची गेरूची चौकट असे. तिच्यात निळ्या पेन्सिलीने तारीख घालून सही करायची. सरकारचं लिहिलेलं पुसलं तर दंड होतो, असं गावात कुणीतरी पसरवलं होतं आणि आम्हीही ते कधी नाकारलं नाही. रुबाब कुणाला नको असतो?

गोळी मात्र कडूजहर. त्यात बायांचा समज, की ही गोळी उष्ण पडते आणि गरोदर बाईचं पोट पडतं. त्या गोळी गालात धरायच्या आणि माझी पाठ वळली की चुलीच्या राखेत थुंकायच्या. एकदा मी एका घरची राख उकरून गोळ्या बाहेर काढल्या आणि सगळ्या गल्लीसमोर त्या घराची शोभा केली. तेव्हापासून मला वाटायला लागलं, गोळीचा चोर आपण तोंड बघून ओळखतो.

भाद्रपदात एका घरच्या सुनेला थंडी वाजून ताप आला. पहिलटकरीण, पाचवा महिना. रक्ताचा रिपोर्ट आला तो मेंदूपर्यंत जाणाऱ्या, वाईट जातीच्या हिवतापाचा. तीन दिवसांच्या मिळून दहा गोळ्या मी नेऊन दिल्या. पहिल्या चार माझ्यासमोर घ्यायला लावल्या, बाकीच्या तिच्या हातात ठेवल्या. पंधरा दिवसांनी गेलो तर बाई पुन्हा गोधडीत. पुन्हा काचेवर रक्त, पुन्हा तेच जंतू.

"थुंकल्या ना गोळ्या?" मी विचारलं. मी धुळ्याचा, गावात मुद्दाम शहरी बोलायचो.

ती धडपडत उठून बसली आणि सगळ्या खाल्ल्याची शपथ घेऊ लागली. "नही भाऊ, बठ्ठ्या खाद्यात मी. देवनी आन शे. ताप जातच नही."

मी हसलो. आजही ते हसू आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. ओट्यावर सासू बसली होती. तिला म्हणालो, "अक्का, तुमची सून खोटं बोलते." आणि चौकटीत सहीखाली एक ओळ लिहिली: 'गोळ्या थुंकते.' साहेब तपासणीला आले तर ताप न उतरल्याचा दोष माझ्यावर येऊ नये, एवढ्याचसाठी. मग पुन्हा त्याच दहा गोळ्या दिल्या.

दसऱ्यानंतर गेलो तेव्हा सासू एकटीच दारात होती.

"पोट पडनं तिनं," ती म्हणाली. "तुम्ही सांगेल व्हतं भाऊ, तिनी आयकं नही. सोतानं पोर सोता खादं तिनी."

तालुक्याच्या दवाखान्यात क्विनाईन हे दुसरं औषध दिल्यावर सुनेचा ताप उतरला होता. आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता. मी "फार वाईट झालं" एवढं म्हणालो आणि सही केली.

पुढच्याच आठवड्यात जिल्ह्याहून पथक आलं. शेजारच्या गावातले तापाचे काही रोगी निवडले. गोळ्या आमच्यासमोर द्यायच्या, गिळल्यावर तोंड उघडून बघायचं, उलटी होते का म्हणून तासभर समोर बसायचं. तोंडं तपासायचं काम माझ्याकडे होतं. एकाही गालात काही सापडलं नाही. सातव्या दिवशी पुन्हा रक्त घेतलं आणि पथकातल्या तंत्रज्ञाने मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. काही जणांच्या रक्तात जंतूंच्या त्या बारीक, अंगठीसारख्या आकृत्या अजून तशाच होत्या.

"यांनी तर थुंकल्या नाहीत ना?" तो म्हणाला. "जंतूच गोळी पचवायला शिकलेत. आता औषध बदलावं लागणार."

तो सहज बोलून गेला. चोर सोडून मी संन्याशाला फाशी दिली होती आणि वर ते भिंतीवर लिहूनही ठेवलं होतं.

दिवाळीनंतर ठरवून त्या घरी गेलो. सासूला सांगायचं, की सून खरं बोलत होती, गोळीच खोटी पडली. मग ती ओळ खोडायची. रस्ताभर वाक्यं जुळवत होतो. गल्लीत वळलो तर त्या घराच्या भिंती नव्या चुन्याने पांढऱ्याशुभ्र. ओळ आपोआप गेली असेल, असं वाटून मला हायसं झालं. हे कबूल करायची लाज वाटते, पण झालं खरं.

जवळ गेलो तर चौकट जागेवर होती. चारही कडांनी जपून चुना लावलेला, आत माझी निळी ओळ जशीच्या तशी. सून बाहेर आली. हातांना चुन्याने भेगा पडल्या होत्या. तिला अक्षर वाचता येत नव्हतं.

"भाऊ, तुमनं लिखेल मोडू दिधं नही मी," ती म्हणाली. "बाजूबाजूनं चुना लावेल शे."

सासू ओट्यावर बसून ऐकत होती. शब्द माझ्या तोंडाशी आले होते.

"ताप?" मी विचारलं.

"नही."

मी पेन्सिल काढली, त्या ओळीखाली तारीख घातली, सही केली आणि पुढच्या घरी गेलो.