पाहुण्यांसाठी राखलेली खांड

एका माणसाच्या कारकिर्दीत त्याच्या अख्ख्या देशाचा स्वभाव उतरलेला असतो. हे वाक्य मी गेल्या भाद्रपदात लिहिलं, दोनदा वाचलं आणि समाधानाने चष्मा पुसला. ज्या माणसाबद्दल ते होतं त्याला मी पाहिलेलं नव्हतं, त्याच्या देशात मी गेलेलो नव्हतो, आणि त्याची कारकीर्द मला मोबाइलवर आलेल्या दोन पानांतून समजली होती. मानपत्रं अशीच लिहिली जातात.

आमचं गाव खाडीच्या काठावर, अलिबागपासून एसटीने पाऊण तासावर. भरतीच्या वेळी खाडीचं पाणी आमच्या भातशेतापेक्षा उंच असतं. मधे मातीचा बांध आहे म्हणून शेत आहे. त्या बांधाला भगदाड पडलं की त्याला खांड म्हणायचं. खांड पडली की घरटी एक माणूस टोपली घेऊन येतो आणि ओहोटीत चिखल टाकून ती बुजवतो. हे काम भांगात करायचं, म्हणजे अष्टमीच्या आसपास, भरतीला जोर नसतो तेव्हा. पौर्णिमेला पडलेली खांड भांगात बुजवली नाही, तर अमावस्येचं उधाण तिच्यातून आत येतं, आणि खारं पाणी एकदा शेतात बसलं की दोन-तीन पावसाळे तिथे भात होत नाही. गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी अलिबागला तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं, तरी मलासुद्धा ठाऊक आहे.

गेल्या भाद्रपद पौर्णिमेला खांड पडली ती बरोबर माझ्या वहिनीच्या शेतासमोर. भाऊ जाऊन पाच वर्षं झाली, शेती तीच करते. भात पोटरीला आलं होतं. खांड एवढीशी होती की वहिनीने पदर खोचला आणि एका ढांगेत ती ओलांडली.

त्याच आठवड्यात सरपंच माझ्याकडे आला. हा माझा जुना विद्यार्थी. अकरावीला माझ्या विषयात नापास झाला, आणि आता त्याचे ट्रेलर न्हावा शेव्याच्या रांगेत उभे असतात. बंदरातल्या कुठल्याशा परिषदेला हॉलंडचे एक माजी मंत्री आले होते, दोन-तीन आठवडे मुंबईत होते, आणि त्यांना खाडीकाठचं एखादं गाव बघायचं होतं. परिषदेच्या गाड्यांचं काम सरपंचाकडे असल्यामुळे गाव त्याने पुरवलं.

"सर, तिकडे आख्खा देश पाण्याच्या खाली आहे. आपली खांड त्याला दाखवायची. एकदा बघितली ना, सिमेंटचा बांध फिक्स. फंडिंग डायरेक्ट."

"अरे, ते अर्थतज्ज्ञ आहेत. मंत्री होते ते पेन्शनच्या खात्याचे."

"पण हॉलंडचेच ना?"

"हॉलंडचेच."

"मग झालं की. तुम्ही मानपत्र लिहा, तुमच्यासारखं मराठी कोणाचं आहे?"

मी खांड बुजवण्याबद्दल विचारलं. तो माझ्याकडे नापास मुलाकडे बघावं तसा बघत म्हणाला, "बुजवली तर दाखवायचं काय, सर?"

मी ती दोन पानं वाचली. गृहस्थ आधी प्राध्यापक होते. सरकारने आपल्याला झेपेल तेवढाच खर्च करावा असं त्यांनी कितीतरी वर्षं आकड्यांनिशी सांगितलं. हे इतकं पटण्यासारखं होतं की एका पक्षाने त्यांना नेता केलं. नेता झाल्यावर ते म्हणू लागले की खर्च नेमका कुठे कमी करायचा हे सत्तेत असलेल्यांनी सांगावं. मग निवडणूक झाली, त्यांचा पक्ष हरला, आणि तिकडच्या पद्धतीप्रमाणे हरलेल्या पक्षालाही सरकारात घ्यावं लागलं. अशा रीतीने ते मंत्री झाले. मंत्री झाल्यावर त्यांचं म्हणणं पडलं की परिस्थिती गुंतागुंतीची आहे. पुढे सरकार पडलं आणि ते पुन्हा प्राध्यापक झाले, खर्चाबद्दल बोलू लागले. मला हा माणूस आवडला. दोन पानांत कुठेही चिखलाचा उल्लेख नव्हता.

भेटीसाठी तारखा दोन आल्या होत्या. एक अष्टमीची, दुसरी आश्विनातल्या पंचमीची. अष्टमीला पाहुणे आले असते तर त्यांना खांड दाखवून दुसऱ्या दिवशी, भांग संपायच्या आत, बुजवता आली असती. पण अष्टमी पितृपक्षात येत होती. पितरांच्या पंधरवड्यात शाल-श्रीफळ कसं द्यायचं? ग्रामपंचायतीच्या बैठकीत यावर एकाही माणसाचं दुमत झालं नाही, माझंही नाही. पंचमीचं कळवलं. मधे अमावस्या होती हे कोणाच्या लक्षात नव्हतं असं नाही. ती प्रत्येकाच्या मनात होती, आणि बोलायचं दुसऱ्याने असं प्रत्येकाने ठरवलं होतं.

सप्तमीला सकाळी वहिनी माझ्या पडवीत आली. तिने अकरा घरं फिरून टोपल्या सांगून ठेवल्या होत्या.

"भाऊजी, त्यो पाव्हना चिखलात उतरनार हाय का?"

"नाही, वहिनी. बघून जाणार."

"बघायला खांडच पायजे का? बुजवलेली जागा दाखवा त्याला. येवढा शिकलेला हाय, कळंल न त्याला."

मी हसलो. ती हसली नाही.

"सरपंच बोलतो, कोनी हात लावायचा न्हाय. लोक माझ्या शबुदावर न्हाय येनार. तुमी बोल्लात तर येतील. बोलता का?"

अर्धवट मानपत्र माझ्यासमोर टेबलावर होतं. शेवटचं वाक्य आदल्या दिवशीच जमलं होतं: ज्यांच्या पूर्वजांनी समुद्राला मागे रेटलं, त्यांच्या साक्षीने आज ही जखमी भूमी उभी आहे. वाक्याला जखमेची गरज होती. हे मी तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नसतं. मी वहिनीला सांगितलं की सिमेंटचा बांध झाला तर तिच्या नातवंडांची सोय होईल, अमावस्येला वारा नसला तर पाणी बेताचंच चढेल, थोडं थांबू.

"थांबू?" तिने विचारलं.

"थांबा," मी म्हणालो.

ती उठली. टोपल्या सांगितलेल्या अकरा घरी तिला परत जाऊन नको म्हणून सांगावं लागलं. ते काम तिने एकटीने केलं.

अमावस्येला पाणी बेताचं चढलं. मी निश्चिंतपणे जेवलो. उधाण आलं ते तिसऱ्या दिवशी, द्वितीयेला, भर दुपारी, लख्ख उन्हात. वारा नव्हताच. खाडी नुसती फुगत गेली. मी बांधावर पोचलो तेव्हा वहिनी खांडीच्या तोंडाशी कमरेएवढ्या पाण्यात उभी होती आणि मातीने भरलेल्या खताच्या गोण्या एकेक करून खाली सोडत होती. गोणी ठेवली की पाणी तिला उचलायचं, फिरवायचं आणि शेतात नेऊन टाकायचं. दोन्ही बाजूंनी बांधाची ढेकळं सुटत होती. जी खांड तिने एका ढांगेत ओलांडली होती तिच्या पलीकडच्या माणसाला आता ओरडून बोलावं लागत होतं.

माणसं आली, सगळी आली. भरतीच्या पाण्यात चिखल टाकून उपयोग नसतो हे ठाऊक असलेली ती माणसं चिखल टाकत होती. सरपंच मोटारसायकलवरून आला, बघितलं, आणि कपड्यांनिशी पाण्यात उतरला. "मांडवाचे बांबू आणा!" तो ओरडला. पंचमीसाठी घातलेला मांडव उपटून आणला. बांबू रोवले, त्यांना मांडवाचं कापड लावलं, त्यावर वहिनीच्या मागच्या दाराची फळी टेकवली. घटकाभर ते तगलं. त्या घटकेत वहिनी माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊजी, धरा." मी धरलं. मग पाण्याने ते सगळं एकदम आत नेलं, आणि मी रिकामे हात तसेच धरून उभा राहिलो.

शेत भरायला फार वेळ लागला नाही. हिरवं भात आधी हललं, मग वाकलं, मग दिसेनासं झालं. सरपंच बांधावर बसून लहान मुलासारखा रडत होता. वहिनी रडली नाही. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. ती वाहून आलेल्या गोण्या गोळा करत होती, कारण त्या उसन्या आणलेल्या होत्या. मला तिला काहीतरी सांगायचं होतं. मराठीत माझं जे काही नाव आहे त्याचा तेव्हा एका शब्दापुरताही उपयोग झाला नाही.

पंचमीला सकाळी पाहुणे आले. उंच, वाकलेले, गुडघ्याला त्रास असलेले सत्तरीचे गृहस्थ. ओहोटी होती. खांडीत पाणी नव्हतं, नुसता रुंद काळा चिखल होता, आणि पलीकडे जाण्यासाठी एक होडी चिखलात कलंडून पडली होती. दुभाष्या मीच होतो. त्यांनी मला विचारलं, "लहान होती तेव्हाच का नाही बुजवली?"

मी सरपंचाला मराठीत सांगितलं. त्याचा चेहरा पडला. "सांगा, सर," तो म्हणाला, "तुमच्यासाठीच ठेवली होती."

मी शब्दशः सांगितलं. दुसरं काही सांगण्याचा अधिकार मला उरला नव्हता.

ते हादरले. "पण मला यातलं काहीच कळत नाही," ते म्हणाले. "माझ्या घरामागे असा बांध आहे. मी त्यावरून सायकल चालवतो." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, शेत कोणाचं. मी वहिनीकडे हात केला. ती लांब, गोण्या धूत बसली होती. ते तिच्याकडे जायला निघाले, पण चिखलात बूट रुतला आणि सरपंचाने त्यांना अदबीने मागे आणलं.

उरलेल्या बांबूंच्या मांडवात सत्कार झाला. मानपत्र मीच वाचलं. शेवटच्या वाक्याला टाळ्या पडल्या. पाहुण्यांना मराठी येत नसल्यामुळे ते माझ्या आवाजाकडे बघून मान हलवत होते. सिमेंटच्या बांधाचा विषय सरपंचाने काढला, तेव्हा ते म्हणाले की परिस्थिती गुंतागुंतीची आहे. हे मी भाषांतर न करताही सगळ्यांना समजलं.

जेवण सरपंचाच्या घरी होतं. नवरात्र असल्याने आम्ही सगळे वरण-भातावर होतो, पाहुण्यांसाठी मात्र जिताड्याचं कालवण केलं होतं. त्यांनी दोनदा मागून घेतलं आणि विचारलं, हा मासा समुद्रातला की खाडीतला. मी म्हणालो, इथलाच आहे. आदल्या दिवशी तो वहिनीच्या भातात सापडला होता, आणि वजन पावणेतीन किलो भरलं होतं.