बास्केटबॉलच्या बाई

मैत्रिणींनो, आज सकाळी सात रस्त्याजवळच्या दवाखान्यात आमच्या बास्केटबॉलच्या बाई भेटल्या. सत्तरच्या दशकात आमच्या कॉलेजात मुलींचा पहिला संघ त्यांनीच उभा केला.

मुली मिळेनात, तेव्हा त्या एसटीनं वैरागला आमच्या घरी आल्या होत्या. माझे वडील, अण्णा, म्हणाले, "पोरगी चड्डी घालून खेळणार व्हय?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "सलवार घालून खेळेल. पण खेळू द्या."

दोन वर्षं खेळले. संघ पहिल्यांदाच पुण्याला स्पर्धेसाठी निघाला आणि त्याच आठवड्यात अण्णांनी मला घरी बोलावून माझं लग्न लावलं. बाईंना साधा निरोपही धाडता आला नाही.

आज नाव सांगताच त्यांनी माझा हात धरला. "गाडी हलेपर्यंत डब्याच्या दारात उभी होते गं. वाटलं, धावत येशील."

"बाई, त्या दिवशी मला हळद लागत होती."

त्या म्हणाल्या, "तुझ्यासारखी लांबून बास्केट करणारी मला परत मिळाली नाही."

संसार चांगला झाला, नातवंडं आहेत. तरी घरी आल्यापासून वाटतंय, ती एक मॅच खेळायला हवी होती.

तुमचं असं काय राहून गेलंय?